पावणेतेरा क्विंटलांचा भोपळा

लाल भोपळा आपण सहसा अख्खा आणत नाही. भाजीवाला सुरीने फोड कापून देतो, घरी तिची भाजी होते किंवा किसून घारगे होतात. चार-पाच किलोंचं फळ एका घराला संपत नाही, म्हणून तर भोपळा फोडीने विकला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या लिमिंग्टन गावच्या स्टुअर्ट आणि इयन पेटन या जुळ्या भावांचा भोपळा काट्यावर चढला, तेव्हा आकडा आला १२७८.८ किलो, म्हणजे पावणेतेरा क्विंटलांहून थोडा जास्तच. जगातल्या सर्वांत जड भोपळ्याचा विक्रम त्याच्या नावावर लागला.

हे सगळं वजन एका वेलीवर, एका देठावर आणि एकाच हंगामात तयार झालेलं असतं. ऐन वाढीच्या दिवसांत असं फळ दिवसाला वीस किलो किंवा त्याहूनही जास्त वाढतं. तासाचा हिशेब केला तर पाऊण किलोच्या वर. वेल आपल्या परसातल्या वेलीसारखीच दिसते. तीच पिवळी फुलं, तीच खरखरीत पानं. मग एवढा माल येतो कुठून?

पहिला अंदाज बहुतेकांचा एकच असतो: खत भरपूर घातलं असेल. खताशिवाय चालत नाही हे खरं, पण उत्तर खतात नाही. वेलीने कमावलेलं अन्न फळापर्यंत कसं पोचतं आणि ते किती जणांत वाटलं जातं, यात आहे. हे नीट कळलं की नवख्या बागकाम करणाऱ्यालाही काय करायचं आणि ते का करायचं, दोन्ही उमगतं.

आधी बी, मग बाकी सगळं

आपण ज्याला सरसकट लाल भोपळा, काशीफळ किंवा डांगर म्हणतो त्यात एकाहून जास्त प्रजाती येतात. भारतात बहुतेक ठिकाणी पिकतो तो ‘कुकुर्बिटा मोशाटा’. महाकाय भोपळे मात्र ‘कुकुर्बिटा मॅक्झिमा’ या भावकीतले. तिचं मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. मॅक्झिमा असली की फळ अवाढव्य होतंच असं नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का सूर्यमुखी’ हा वाणही मॅक्झिमाच आहे आणि त्याचं फळ जेमतेम किलोभराचं असतं.

महाकाय भोपळ्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातले शेतकरी हॉवर्ड डिल. विंडसर गावच्या आपल्या शेतात त्यांनी वर्षानुवर्षं सर्वांत मोठ्या फळांचं बी राखलं, निवडक वेलींचा संकर केला आणि ‘अटलांटिक जायंट’ हा वाण घडवला. १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं त्यांनी स्पर्धा जिंकल्या. १९८१ चा त्यांचा भोपळा सुमारे २२४ किलोंचा होता. आजचे जवळपास सगळे विक्रमी भोपळे याच वंशातले आहेत.

म्हणून नवशिक्यासाठी पहिली गोष्ट बी. बाजारातल्या भोपळ्याचं बी पेरून कितीही सेवा केली तरी क्विंटलात मोजावं लागेल असं फळ येणार नाही. वाढीची वरची मर्यादा बियाण्यातच ठरलेली असते. आपण कष्ट करून त्या मर्यादेच्या जवळ जाऊ शकतो, तिच्या पलीकडे नाही.

पान कमावतं, देठ पोचवतो

डिलच्या वाणात नेमकं काय बदललं? महाकाय वेलीची पानं जास्त जोमाने काम करत असतील, म्हणजे सूर्यप्रकाशापासून जास्त वेगाने साखर बनवत असतील, असं वाटणं स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या जेसिका सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न तपासला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. महाकाय वाण आणि त्याच्या लहान फळांच्या भावकीतले वाण त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. महाकाय वाणाचा साखर बनवण्याचा वेग काही वेगळा नव्हता. फरक सापडला तो वाहतुकीच्या व्यवस्थेत.

वनस्पतीत दोन प्रकारच्या नळ्या असतात हे आपण शाळेत शिकलो आहोत. जलवाहिन्या मुळांकडून पाणी आणि क्षार वर नेतात. रसवाहिन्या पानांत तयार झालेली साखर पाण्यात विरघळलेल्या रूपात फळं, मुळं आणि कोवळे शेंडे यांच्याकडे नेतात. महाकाय भोपळ्याच्या देठात आणि फळात या रसवाहिन्यांचं प्रमाण कितीतरी जास्त असतं.

विहिरीवरून पाटाने पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. विहिरीला पाणी किती आहे यावर सगळं ठरत नाही. पाट अरुंद असेल तर पाणी टोकाच्या वाफ्यापर्यंत पोचतच नाही. पाट रुंद केला तर त्याच विहिरीवर तोच वाफा काठोकाठ भरतो. आणि इतर वाफ्यांची दारं बंद करून एकच दार उघडं ठेवलं तर सगळं पाणी तिथेच जातं. बी निवडणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नकळत हा पाट रुंद केला. दारं लावण्याचं काम मात्र दर हंगामात बागवानालाच करावं लागतं.

रसवाहिनीतला हा रस वाहतो तरी कसा? पान आपली साखर रसवाहिनीत भरतं. साखर दाट झाली की शेजारचं पाणी तिकडे ओढलं जातं आणि त्या टोकाला दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला फळ ती साखर काढून घेतं, पाणीही आपल्या पेशींत घेतं आणि तिथला दाब कमी होतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे रस वाहत राहतो. भोपळ्यात सुमारे नव्वद टक्के पाणी असतं. त्यातलं बरंचसं साखरेबरोबर याच वाटेने आलेलं असतं. फळ जितकी साखर खेचेल तितका प्रवाह जोरात चालेल.

वेलीवर एकच फळ

एका वेलीवर पाच फळं धरली तर कमाई पाच ठिकाणी वाटली जाणार. त्यामुळे महाकाय भोपळा हवा असेल तर वेलीवर शेवटी एकच फळ ठेवतात. बाकीची मादी फुलं आणि चिमुकली फळं खुडून टाकतात. नवशिक्याचा हात इथेच अडखळतो. लागलेलं फळ खुडायचं म्हणजे जिवावर येतं. पण राखून ठेवलेल्या फळाचा घास त्या फळांच्या तोंडी जात असतो.

वेलीच्या फांद्यांनाही हाच नियम. मधली मुख्य वेल सरळ वाढू देतात. तिच्या दोन्ही बाजूंना फुटलेल्या दुय्यम वेली काटकोनात बाहेर वळवतात. दुय्यम वेलींना पुन्हा जी बगलफूट येते ती दिसताक्षणी काढतात. याने दोन गोष्टी साधतात. नव्या शेंड्यांत जाणारी साखर वाचते आणि पानं एकमेकांवर सावली न धरता पसरतात. एका वेलीला साधारण पाचशे ते हजार चौरस फूट जागा देतात, कारण जागा म्हणजे पानं आणि पानं म्हणजे कमाई.

वेल जमिनीवर पसरत असताना तिचं एकेक पेर मातीखाली दाबत जातात. भोपळ्याच्या वेलीला पेरांपाशी नवी मुळं फुटतात. एकट्या मूळ बुंध्यावर अवलंबून न राहता वेल ठिकठिकाणी पाणी आणि क्षार शोषू लागते. शिवाय वाऱ्याने ती उलटत नाही.

जमिनीची तयारी यासाठीच महत्त्वाची. खोल, भुसभुशीत, निचऱ्याची आणि चांगल्या कुजलेल्या शेणखताने किंवा कंपोस्टने भरलेली माती लागते. सामू साडेसहाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लाकडे झुकलेला असावा. सुरुवातीला पानं वाढवायला नत्र लागतं, फळ धरल्यावर पालाशाची गरज वाढते. फळधारणेच्या वेळी नत्र अति झालं तर वेल पानांचं रान माजवते आणि फळ मागे पडतं.

सकाळी लवकरचं काम

भोपळ्याच्या वेलीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फूल लांब सडपातळ दांड्यावर असतं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा इवलासा भोपळा आधीच दिसतो. परागकण पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळून जातो.

मधमाश्या हे काम करतातच. पण महाकाय भोपळा वाढवणारे ते हाताने करतात, कारण त्यांना वेळ, जागा आणि नर फूल कोणत्या वेलीचं हे तिन्ही आपल्या मर्जीने ठरवायचं असतं. उमलण्याच्या बेतात असलेलं मादी फूल आदल्या संध्याकाळी जाळीच्या कापडाने झाकून ठेवतात. सकाळी लवकर ताजं नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, पुंकेसर मादी फुलातल्या कुक्षीच्या प्रत्येक पाळीवर हलक्या हाताने फिरवतात. मग फूल पुन्हा झाकतात. परागकण भरपूर पडले की बिया भरपूर धरतात. वाढणाऱ्या बिया फळाला वाढीचे रासायनिक संकेत देतात.

फळ कुठे धरावं यालाही कारण आहे. मुख्य वेलीवर बुंध्यापासून साधारण दहा ते पंधरा फुटांवरचं मादी फूल निवडतात. त्याआधीचं फूल धरलं तर मागे कमावती पानं पुरेशी नसतात. फार उशिराचं धरलं तर हंगाम अपुरा पडतो. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात बी एप्रिलमध्ये घरात उबेला रुजवतात, मे महिन्यात रोप बाहेर लावतात, जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला परागीभवन करतात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये फळ काढतात. परागीभवनापासून फळाला मिळणारे सुमारे शंभर दिवस, एवढाच काय तो अवधी.

पोसण्याचे दिवस

फळ धरल्यावर सुरुवातीला आतल्या पेशी झपाट्याने विभागतात. त्यांची संख्या वाढते, आकार फारसा नाही. पुढे त्याच पेशी साखर आणि पाणी घेऊन फुगू लागतात. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत वेलीला ताण बसला तर त्याची भरपाई नंतर कितीही पाणी पाजून होत नाही.

ऐन वाढीत मोठी वेल दिवसाला काहीशे लिटर पाणी पिते. ते ठिबकने, रोज आणि सारख्या प्रमाणात द्यावं. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी भरमसाट पाणी सोडलं तर आतला गर एकदम फुगतो, सालीला तेवढं ताणता येत नाही आणि फळ तडकतं. महिनोन्‌महिन्यांची मेहनत अशी एका रात्रीत वाया जाऊ शकते. साल लवकर कडक होऊ नये म्हणून फळावर पांढऱ्या कापडाची सावली धरतात. पानं मात्र उन्हातच हवीत.

वजनाचा अंदाज काटा न वापरताही घेता येतो. टेपने तीन मापं घेतात. फळाचा आडवा घेर हे पहिलं. देठाकडून फुलाच्या टोकाकडे वरून जाणारं जमिनीपासून जमिनीपर्यंतचं माप हे दुसरं. तसंच एका कुशीवरून दुसऱ्या कुशीपर्यंतचं हे तिसरं. तिन्हींची बेरीज करून अनुभवाने तयार झालेल्या कोष्टकात पाहिलं की वजन जवळपास कळतं. रोज ठरावीक वेळी हे माप वहीत लिहिलं तर वाढ मंदावल्याचं लगेच लक्षात येतं.

स्वतःच्याच भाराखाली

लहान भोपळा गोल असतो. महाकाय भोपळा मात्र बसका, पसरट आणि बहुधा एका बाजूला कलंडलेला दिसतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचे डेव्हिड हू आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला आहे. फळ वाढत असतानाच त्याचं वजन त्याला खाली दाबत असतं. जिवंत गर त्या दाबाला जुळवून घेत कायमचा पसरत जातो. त्यामुळे ताण सगळीकडे वाटला जातो आणि फळ न फुटता आणखी मोठं होऊ शकतं. हा बसकेपणा त्याच्या तगून राहण्याचाच एक मार्ग आहे.

बागवानाने फळाला हलायला जागा द्यायची असते. फळ कोवळं असतानाच त्याच्याखाली वाळूचा थर किंवा जाड कापड अंथरतात, म्हणजे पसरताना तळ जमिनीला घासून फाटत नाही आणि ओल साचून कुजत नाही. देठ वेलीला काटकोनात राहील असं फळ हळूहळू, दिवसाला थोडं थोडं वळवतात. फळाचे खांदे फुगून वर आले की देठावर आणि वेलीवर ओढ बसते, म्हणून फळाजवळची मातीत धरलेली मुळं सोडवून वेलीला उचलायला वाव ठेवतात. सगळं अन्न ज्या एका देठातून जातं तोच चिरला तर हंगाम तिथेच संपतो.

विक्रम तिकडेच का होतात?

विक्रम कॅनडा, अमेरिका आणि युरोपात होतात याचं एक कारण त्यांची जुनी परंपरा आहे. दुसरं कारण आकाशात आहे. २१ जूनच्या सुमारास मुंबईत दिवस सव्वातेरा तासांचा असतो, लिमिंग्टनला तो सव्वासोळा तासांच्याही वर जातो. पानांना रोज तीन तास जास्त कमाई. पुन्हा तिथल्या उन्हाळी रात्री गार असतात. वनस्पती रात्रीही श्वसन करते आणि त्यात साखर खर्च होते. रात्र जितकी उष्ण तितका हा खर्च मोठा. भर उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसा पानं पाणी वाचवण्यासाठी आपली सूक्ष्म रंध्रं मिटून घेतात, कमाई थांबते आणि रात्री उकाड्यात शिल्लकही उडते. फार उष्णतेत मादी फुलं गळतातही.

त्यामुळे महाराष्ट्रात अटलांटिक जायंटचं बी लावून विक्रमाची आशा धरू नये. पण वर सांगितलेलं सगळं शास्त्र आपल्या साध्या लाल भोपळ्यालाही लागू आहे. पावसाळ्यासाठी जून-जुलैत किंवा उन्हाळी हंगामासाठी जानेवारी-फेब्रुवारीत आळं करून बी टोकावं. पेरं मातीत दाबावीत, परागीभवन हाताने करावं, एका वेलीवर एखाद-दुसरंच फळ ठेवावं आणि पाणी नियमित द्यावं. रोप कोवळं असताना तांबडे भुंगे, फळ धरल्यावर फळमाशी आणि पानांवर भुरी व केवडा यांच्यावर नजर ठेवावी. भुरी आलेलं पान म्हणजे कमावता हात गेला. एवढं सांभाळलं तर शेजारच्या वेलीपेक्षा आपलं फळ नक्कीच भारी भरेल.

वाढ बियांतून पुढे जाते

कॅनडातल्या गॉडरिच गावचे विल्यम वॉर्नॉक यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सुमारे १८३ किलोंचा भोपळा वाढवला. तो विक्रम १९७६ पर्यंत टिकला. त्यानंतर मात्र आकडे धावू लागले. १९९६ मध्ये हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे ४५४ किलोंचा टप्पा ओलांडला गेला. २०१२ मध्ये ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांनी ९११ किलो गाठले. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांनी १०५४ किलो, २०२१ मध्ये इटलीच्या स्टेफानो कुत्रुपी यांनी १२२६ किलो आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या ट्रॅव्हिस गिंगर यांनी सुमारे १२४७ किलो. सत्तर-पंचाहत्तर वर्षं अडलेली गोष्ट पुढच्या पन्नास वर्षांत सातपट झाली.

हे कुण्या एका प्रयोगशाळेने केलं नाही. परसबागेत राबणाऱ्या हौशी माणसांनी केलं. स्पर्धेत उतरलेल्या भोपळ्याच्या बियांना त्याचं वजन, वाढवणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष असं नाव मिळतं आणि आई-बापाच्या वेली कोणत्या याची नोंद राहते. ते बी देशोदेशींच्या बागवानांत वाटलं जातं, आणि एकाच्या यशातून दुसऱ्याचा पुढचा हंगाम सुरू होतो. फळ स्वतः खायला फारसं चवदार नसतं. गर पाणचट आणि धाग्यांचा. विंडसर गावात १९९९ मध्ये लोकांनी असे पोखरलेले भोपळे तळ्यात सोडून, त्यांत बसून वल्हवण्याची शर्यत सुरू केली. भोपळ्यातून प्रवास करणारी म्हातारी माहीत असलेल्या मराठी मुलांना ती नक्की आवडेल.

पहिल्या वर्षी वेल लावणाऱ्याने वजनापेक्षा वहीला जपावं. बी कधी टोकलं, कोणतं फूल कोणत्या फुलाशी जोडलं, पाणी किती दिलं, फळ रोज किती वाढलं हे लिहून ठेवावं. झाकून, हाताने परागीभवन केलेल्या फळाचंच बी राखावं, कारण मधमाशीने कुठून पराग आणले हे कुणी सांगू शकत नाही. असं नावगाव माहीत असलेलं बी हातात असलं की दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा शहाणं सुरू होतं.

थोडक्यात

- बी: वाढीची मर्यादा बियाण्यात ठरते. महाकाय फळासाठी अटलांटिक जायंटच्या वंशातलं बी लागतं.
- जागा आणि माती: एका वेलीला पाचशे ते हजार चौरस फूट जागा, कुजलेलं शेणखत, चांगला निचरा, सामू साडेसहाच्या आसपास.
- वेल: मुख्य वेल सरळ, दुय्यम वेली काटकोनात, बगलफूट खुडलेली, पेरं मातीत दाबलेली.
- फूल: बुंध्यापासून दहा-पंधरा फुटांवरचं मादी फूल, सकाळी लवकर हाताने परागीभवन, आधी आणि नंतर झाकण.
- फळ: वेलीवर एकच. खाली वाळू, वर सावली, देठावर ओढ नको.
- पाणी: रोज आणि सारखं. कोरड्यानंतरचा अति भर म्हणजे तडा.
- नोंद: तीन मापांची बेरीज रोज वहीत, आणि बियांच्या पाकिटावर दोन्ही वेलींची नावं.